सर्वपित्रीला फुटलेला बांध

बसा राव, नीट टेकून बसा. तंबाखू हवी तर डबी तिकडं आहे. आज तुम्हाला अशी गोष्ट सांगतो, जिच्यात गुन्हा आहे, संशयित आहेत, पुरावासुद्धा आहे. आणि गुन्हेगार सापडतो बरं का, शब्द देतो. फक्त सापडल्यावर त्याला बेड्या कुठं घालायच्या, तेवढं तुम्ही बघा.

राणीच्या राज्यातली गोष्ट. कल्याणवरून आगगाडी जायला लागून वीसेक वर्षं झालेली. कल्याणच्या अलीकडं, खाडीच्या काठाला, चिखलोंडं म्हणून गाव होतं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं, आणि मधी मातीचा बांध, गड्याच्या छातीएवढा उंच. उधाणाची भरती आली की खारं पाणी त्या बांधाला टेकून उभं राहायचं, दारात तगादेवाला उभा राहतो तसं. बांध आहे म्हणून भात, आणि भात आहे म्हणून गाव. एवढं ध्यानात ठेवा, पुढचं मी बघतो.

१

सर्वपित्री अमावास्येची दुपार. घराघरात पितरांचं पान वाढलेलं. आता कावळा शिवल्याबिगर कोणी घास घ्यायचा नाही, ही आपली चाल. त्यामुळं अख्खं गाव अंगणात उभं राहून नरडं ताणून ओरडतंय, ‘काव! काव!’ आणि कावळे बसलेत ताडावर, मजा बघत.

दामाजी पाटील तिथला पोलीस पाटील. देहानं आडवा, बोलायला सावकाश आणि भुकेला एकदम कच्चा. वडे निवत चाललेले, जीव कासावीस झालेला. त्यानं कुंपणावरून शेजारच्या चंद्रभागा म्हातारीला हाक मारली, "आत्ये, तुझा कावला आला काय गं?"

"माझा आला, गेला. तुझा कशाचा येतंय? तुझा बापूस जिता असताना कवा वेलेवर जेवायला आलाय, तर आता येल?"

पाटील हसला, आणि हसताहसता गप्प झाला. पायाला गार लागत होतं. खाली बघतो तर अंगणाच्या कडेनं पाणी चढत होतं. पाऊस तर नव्हता. त्यानं वाकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

खारट!

पाटलाच्या तोंडचं पाणी पळालं. "अरे धावा! बांध गेला!"

२

भात नुकतं निसवलं होतं. लोंब्या बाहेर पडलेल्या, दाणा भरायचा होता. आणि त्यात खाडी घुसली.

भरती उतरल्यावर माणसं बांधावर जमली. चांगली बैलगाडी आरपार जाईल एवढी खांड पडली होती. खांडीच्या काठाला गुणाजी उभा. गुणाजी म्हणजे बांधाचा राखणदार, पाटलाच्या बरोबरीचा, लहानपणी याच खाडीत दोघं पोहायला शिकलेले. डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं माखलेला, आणि दात वाजत होते.

तिसऱ्या प्रहरी कल्याणहून हरिहरपंत आले. सगळी जमीन त्यांची, बांधही त्यांचा. माणूस शिकलेला, नीटनेटका. वाईट म्हणणार नाही मी त्यांना. फक्त हिशेबाच्या बाहेरचं काही दिसायचं नाही. त्यांनी छत्रीच्या टोकानं चिखलात रुतलेला एक दांडा दाखवला.

"ते वर काढा."

काढलं. फावडं निघालं. दांड्याला काथ्या गुंडाळलेला. कोणाचं, हे विचारायची गरज नव्हती.

"माझंच हाय," गुणाजी म्हणाला. "पितरांची वाडी कावल्याला ठेवायला बांधावर आलतू. बघतो तर बांध पाझरत व्हता. घरला धावलो, फावडं घेऊन आलो, माती टाकाया लागलो. तर पायाखालनंच गेला. मी गेलो, फावडं गेलं. मी तेवढा वर आलो."

"कोणाला हाक नाही मारलीस?"

"मारली की! घसा फाटला माझा. कोन आला नाय."

"पाटील, ऐकलंत?" पंत म्हणाले. "भर दुपारी हाका मारल्या आणि शेपाऊणशे माणसांपैकी एकाला ऐकू आल्या नाहीत! मी सांगतो काय झालं ते. आधी याला दर सालाला बसल्याजागी भात मिळायचं. मी म्हटलं, हे काही खरं नाही. काम तसा दाम. खांड पडली आणि ती बुजवली, तर भात. नाही पडली, तर नाही. गेल्या साली खांड पडली नाही, याला दाणा मिळाला नाही. या साली यानं स्वतःच पाडली. आता बुजवणार आणि माझ्याकडून भात घेणार. कल्याणला निरोप गेला आहे. सकाळी फौजदाराची माणसं येतील. तोवर याला चावडीत बसवा."

माणसं कुजबुजली. कारण गावात दुसरी एक रीत होती, बापजाद्यांपासूनची. बांध आपसूक गेला, तर तो धन्यानं बांधून द्यायचा आणि कुळांकडून त्या सालचा वाटा मागायचा नाही. कोणी फोडला, तर फोडणाऱ्यानं भरायचं. गुणाजी भरणार कुठनं? घर जाणार, होडी जाणार, आणि वर ठाण्याचा तुरुंग.

पाटलानं खाली खांडीत बघितलं. तळाला मातीची मोठमोठी ढेकळं पडलेली. वरचं हिरवं गवत तसंच सबंध, छप्पर बसावं तशी खाली बसलेली. त्याला काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना.

"चल गुणा," तो म्हणाला. "चावडीत चल."

गुणाजीची बायको सगुणा आडवी आली. "दादा, तू याला नेतंस? तू?"

पाटलाला तिच्याकडं बघवलं नाही.

३

आता पाटलाची तपासाची रीत ऐका. त्याला ठसे-बिसे काही कळायचं नाही. तो म्हणायचा, प्रत्येकाला विचारायचं की बाबा, यात तुझ्या पानात काय पडतंय? आणि मग बघायचं, की तेवढ्यासाठी हा माणूस एवढं करील का.

हे त्यानं आधी गुणाजीलाच लावून बघितलं. खांड बुजवायला भात मिळतं, खरं. पण मग माणूस खांड पाडेल ती टोपलीभर मातीत बुजेल एवढी. गाडी जाईल एवढी कशाला पाडेल? आणि ती पण स्वतःच्या वाफ्याच्या तोंडाशी? गुणाजीचं भात सगळ्यात आधी बुडालं होतं.

बरं, मग हाका? पाटील चंद्रभागेच्या ओट्यावर टेकला. "आत्ये, दुपारी बांधाकडनं कोन ओरडत व्हता काय?"

"व्हता ना एक मेला. लय येळ बोंबलत व्हता. मी म्हटलं, याचे पितर लय रागावलेत, याचा कावला येतच नाय."

पाटलानं कपाळावर हात मारला. अख्खं गाव ओरडत असताना ओरडणाऱ्याकडं बघतो कोण? हाका मारल्या होत्या! आणि बांध फोडणारा माणूस गावाला हाका मारत नाही.

म्हणजे गुणाजी सुटला? छे. म्हातारीला ओरडणं ऐकू आलं, माणूस दिसला नव्हता. पंत एका वाक्यात उडवून लावतील. दुसरा गुन्हेगार हातात दिल्याशिवाय हा सुटत नाही.

आणि संध्याकाळच्या उजेडात पाटलाला खांडीच्या तोंडाशी काहीतरी हललेलं दिसलं. कोणीतरी जाळं लावलं होतं. माशांनी गच्च भरलेलं.

४

जाळ्यामागं गावातलाच पंढरी होता, कमरेएवढ्या पाण्यात, आणि तोंडभर हसत.

"पंढऱ्या! गावाची राख झाली आणि तू मासं मारतंस?"

"पाटील, शेतात घुसलेली मासली ओहोटीला भायेर निघनार. ती काय माझ्या रडण्यानं थांबनार हाय का?"

"बांध फुटला तर सगल्यात जास्ती तुझ्या पानात पडतंय, ठावं हाय ना तुला?"

पंढरीचं हसू मावळलं. "आईची आन, पाटील! फुटल्यावर लावलंय. फोडून नाय!"

पाटलानं जाळ्याचे खुंट हलवून बघितले. एक बांबू वाकडा, एक आखूड, आणि एकावर पडवळाचा वेल पडवळासकट लोंबत होता.

"हे कुठनं आणलंस?"

"मांडव उपटला घरचा. बायको अजून शिव्या घालते. जाळं बांधायला दोरी गावंना, तर गाईचं दावं सोडलं. गाय कुठं गेली ती देवाला ठावं."

पाटील एवढा चिडलेला असूनही खदाखदा हसला. ज्याला बांध फुटणार हे आधी माहीत असतं, तो आपले खुंट तासून ठेवतो. पडवळाचा मांडव नाही उपटत. पंढरी हावरा होता, पण हावरेपणा बांध फुटल्यावरचा होता, आधीचा नाही.

"गाय शोध आधी," पाटील म्हणाला आणि वळला. तर बांधावरून एक माणूस धोतर सावरत, शिव्या देत त्याच्याकडंच येत होता.

५

रतनशेठ. कल्याणचा व्यापारी. म्हावरं, चिंबोऱ्या म्हणजे खाडीतले मोठे खेकडे, मिळेल ते टोपलीत भरून आगगाडीनं मुंबईला धाडायचा.

"पाटील, माझी भरपाई कोण करनार?" तो लांबूनच ओरडला.

"तुमचं भात हाय काय हितं?"

"भात कसलं! चिंबोऱ्या! गेल्या दिवाळीला पंतांकडनं अख्ख्या बांधाच्या चिंबोऱ्या मक्त्यानं घेतल्या मी. एका सालाच्या. आणि पंतांना अट घातली, की दुसऱ्या कोणी बांधाला हात लावायचा नाही. या दिवाळीला भरलेल्या, जड जड काढनार होतो. खांडीबरोबर केवढ्या वाहून गेल्या असतील!"

पाटील ऐकत होता. म्हणजे याच्याही पानात नुकसानच पडलं. हाही गेला संशयातून. मग राहिलं कोण?

"आणि काय सांगू तुम्हाला," शेठ हळहळत म्हणाला, "परवाच माझा माणूस बघून गेला. म्हणाला, शेठ, तुमचं नशीब फळफळलं. एवढ्या चिंबोऱ्या या बांधावर कवा नव्हत्या. बिळाला बीळ लागलंय!"

"कवा नव्हत्या?"

"कवाच नाही."

पाटील गपकन थांबला. पुन्हा खांडीकडं वळला. वरचं गवत सबंध. फावड्यानं फोडणारा माणूस वरनं खणतो. त्यानं पहिला घाव घातला की गवताच्या चिंधड्या होतात. हा बांध वरनं फोडलाच नव्हता. आधी पोट रिकामं झालं, आणि मग डोकं खाली बसलं.

"शेठ," पाटील म्हणाला, "तुमी उद्या सकाळच्याला हितंच या. तुमचा गुन्हेगार दावतो."

"कोण आहे?"

"लय जण हायत. आणि सगले आडवे चालतात."

६

पण एक गाठ राहिली होती. चिंबोऱ्या काय आजच्या आहेत? बांध उभा राहिला तेव्हापासून त्या बिळं पाडतातच. मग इतकी सालं बांध का गेला नाही?

पाटील दिवेलागणीच्या आधी सगुणेच्या दारात गेला. तिनं पाट दिला नाही. उभाच राहिला.

"वैनी, तुमी बाया आधी बांधावर चिंबोऱ्या धरायला जायच्या ना?"

"जायचो. आता पंतांचा गडी काठी घेऊन धावतंय. म्हनतो, मक्ता दिलाय, पाऊल ठेवू नका. आमच्या आज्यापणज्यांपासून चिंबोरी कोनी इकत नव्हता, आन कोनी अडवत पन नव्हता."

"चिंबोरी काढल्यावर त्या बिळाचं काय करायच्या?"

"काय करनार? चिखलाचा गोळा घालायचा, टाच मारायची, पुढं व्हायचं."

"कशापायी? पंतांचा बांध वाचावा म्हनून?"

सगुणा इतक्या रागातही हसली. "पंतांचा बांध गेला खड्ड्यात! अरे दादा, बिळात हात घालायचा म्हंजे बोटांची आशा सोडायची. मग रिकाम्या बिळात कशाला घाला? आज बुजवलेलं बीळ उद्या उघडं दिसलं, म्हंजे आत कोनतरी ताजा हाय. बुजलेलंच ऱ्हायलं, म्हंजे कोन नाय. बघूनच कलतंय. न्हायतर अख्खा दिस बिळं उकरत बसा."

पाटील मटकन उंबऱ्यावर बसला. बाया आपल्या बोटांसाठी बिळं बुजवत होत्या. रोज, अख्ख्या बांधावर, अंगठ्यानं आणि टाचेनं. त्यांनी कोणाकडं त्याचे पैसे मागितले नाहीत, म्हणून ते काम होतं हेच कोणाला कळलं नव्हतं. पंतांना नाही, शेठला नाही, आणि खुद्द बायांनाही नाही.

"वैनी, सकाळी सूप घेऊन बांधावर या. सगल्या जणी."

"आन माझा घरवाला?"

"तोच तर आनायचाय."

७

सकाळी ओहोटी होती. बांधाच्या दोन्ही अंगांना चिखल उघडा. पंत आले, शेठ आला, गुणाजीला चावडीतून आणला. फौजदाराचे दोन शिपाई अजून वाटेत होते.

पाटील खाडीच्या अंगाला उतरला. खांडीपासून बराच लांब, जिथं बांध अगदी धडधाकट दिसत होता तिथं. त्यानं एका बिळाच्या तोंडाशी ओला पेंढा पेटवला आणि सगुणेला खूण केली. सगुणा सुपानं वारा घालायला लागली.

"हा काय पोरखेळ?" पंत म्हणाले.

"पंत, तुमी शेताच्या बाजूला उभं ऱ्हावा, आणि बांधाकडं बघा."

थोडा वेळ काही नाही. मग शेताच्या अंगाला, गवतातून, निळसर धूर आला. हातभर पलीकडं आणखी एक धार. मग तिसरी. मग किती ते कोण मोजतो! धडधाकट बांध म्हाताऱ्यानं चिलीम ओढावी तसा सगळीकडनं धूर सोडायला लागला, आणि धुरापाठी चिंबोऱ्या नांग्या उगारून बाहेर.

"अरे, माझ्या चिंबोऱ्या!" रतनशेठ किंचाळला.

पंत वाकून एकेक धार बघायला लागले. छत्री हातातून गळाली तरी त्यांना कळलं नाही.

पाटलानं सगळं सांगितलं. गवताची ढेकळं, म्हातारीनं ऐकलेल्या हाका, पडवळाचा मांडव, बायांचे चिखलाचे गोळे. "राखणदार होता, पण त्याला बांध राखायचा दाणा मिळत नव्हता, फुटला तर मिळत होता. तरीपन तो राखत होता, ती गोष्ट वेगळी. बाया राखत होत्या, त्यांना तुमी हाकललंत. आनि शेठना जितकी बिळं जास्ती तितका फायदा. मग पंत, तुमीच सांगा, या अख्ख्या सालात बांध उभा ऱ्हावा असं कोनाच्या पानात पडत व्हतं?"

"माझ्या," पंत हळूच म्हणाले. "पण मी कल्याणला होतो. मला वाटलं, मी चोख सौदे केले."

"केलेच. लबाडी नाय त्यात काय."

पंतांनी खाडीकडं बघितलं. पाणी फिरलं होतं. दुपारपर्यंत पुन्हा कालच्याएवढीच भरती, आणि समोरचा बांध चाळणी झालेला. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "पाटील, ही बिळं आत्ताच्या आत्ता बुजवायला हवीत!"

"व्हय की. पन ते काम मला नाय येत." पाटलानं मान वळवली.

बांधावर सगळ्या बाया ओळीनं बसल्या होत्या, हाताची घडी घालून. पुढं सगुणा.

"आधी घरवाला सोडा," ती म्हणाली. "सिपायांच्या समोर सांगा, बांध आपसूक गेला. आन बांधावरच्या चिंबोऱ्या आमच्या. कोनाला हव्या तर आमच्याकडनं इकत घ्या."

पंतांनी शेठकडं बघितलं. शेठनं बाहेर आलेल्या टरारून भरलेल्या चिंबोऱ्यांकडं. "घेतो," तो म्हणाला. "आजपासून घट बसलेत, गावात कोण खानार नाही. मुंबईच्या साहेबाला कुठं घट बसतात?"

"आणि गुणाजीचं भात?" पाटलानं पुढं सरकवलं.

"जुन्या रीतीनं. दर साली. आणि बांध जितका सलग, तितकं वर जास्त," पंत म्हणाले. "अहो, पण उठा ना आता, बायांनो!"

उठल्या. काय सांगू तुम्हाला, असं काम कोणी बघितलं नसेल. चंद्रभागा म्हातारीसुद्धा लुगड्याचा काष्टा खोचून चिखलात. कालच्या खांडीवर पुरुषांनी पंढरीचे बांबू, पेंढा, जुनी होडीची फळी, मिळेल ते घातलं. भर दुपारी पाणी चढलं. बांधाच्या गळ्याला लागलं. सगळं गाव श्वास धरून उभं. थांबलं... थांबलं... आणि उतरायला लागलं.

तेव्हा कुठं एकेकानं श्वास सोडला. कोणी रडलं, कोणी पंढरीला मिठी मारली. दोन्ही शिपाई तोवर येऊन पोचले होते. पंतांनी स्वतः सांगितलं, बांध आपसूक गेला, तक्रार नाही. आदल्या दिवशी गावात धड कोणी जेवलं नव्हतं, त्यामुळं वडे ढीगभर उरलेले. शिपाई पोटभर वडे खाऊन, टोपलीतल्या चिंबोऱ्यांकडं बघत, घट बसवणाऱ्याला मनात शिव्या देत गेले.

बुडालेलं भात परत आलं नाही, ते खोटं सांगणार नाही. पण त्या साली कोणाकडं वाटा मागितला गेला नाही, आणि कोणाचं घर गेलं नाही.

उन्हं कलल्यावर पाटील आणि गुणाजी बांधावर पाय सोडून बसले होते.

"पाटील," गुणाजी म्हणाला, "खरं सांग. तुला वाटलेलं का, मीच फोडला म्हनून?"

"घटकाभर वाटलेलं," पाटील म्हणाला. "मारतोस तर मार."

गुणाजीनं मारलं नाही. खाडीकडं बघत बसला. मग म्हणाला, "गेल्या साली, मक्त्याच्या आधी, घरात दाना नव्हता. तवा एकदा मलाबी वाटलेलं, फोडावा म्हनून. हितंच उभा व्हतो, फावडं घेऊन."

"मग?"

"मग काय? सगुणा बिळं बुजवत पुढनं येत व्हती. तिनं हाक मारली, जेवाया चल. गेलो."

पाटलानं त्याच्या पाठीवर एक जोरदार थाप मारली. दोघंही उठले आणि घरी गेले.

झाली गोष्ट. आता उठू नका लगेच, माझं एक काम करा. चोर असलेल्या गोष्टी मला पुष्कळ येतात. तुमच्या गावाकडं अशी एखादी घडली असेल, नुकसान झालंय आणि चोर कोणीच नाही, तर ती मला सांगा. सांगा, मी चहा टाकतो तोवर.